मग बघितलं काय?

‘सात दिवस बोटीवर? मग बघितलं काय?’

गेल्या जुलैपासून हा प्रश्न मी किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. भाच्याच्या मुंजीत पंगतीला बसताना ऐकला, सोसायटीच्या जिन्यात ऐकला, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर रोजच ऐकला. आम्ही आठ जण सेशेल्सला गेलो होतो : आम्ही दोघं, धाकटे दीर आणि जाऊ, त्यांची सातवीतली मुलगी, नणंद, तिचे यजमान आणि माझी कॉलेजातली एक मैत्रीण. हॉटेल घेतलं नाही, बस घेतली नाही. माहे बेटावरच्या धक्क्यावरून चार केबिनची शिडाची कॅटमरान भाड्याने घेतली, सोबत तिथलाच एक कप्तान घेतला आणि सात रात्री त्या बोटीवरच राहिलो. एवढं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर कीव दिसते. प्रश्न विचारणारा उत्तरासाठी थांबतही नाही. उत्तर त्याच्या लेखी ठरलेलंच असतं : काही नाही.

या मंडळींचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत मांडते, म्हणजे अन्याय व्हायला नको. समुद्र इथूनतिथून सारखाच, अलिबागला दिसतो तोच तिथे. बोटीवर माणूस नुसता बसून राहतो. एका बेटावरून दुसऱ्यावर जायला फेरीला तास लागतो आणि विमानाला पंधरा मिनिटं, तिथे तुम्ही निम्मा दिवस घालवता. तेवढ्याच रजेत चार देश झाले असते. हे सगळं श्रीमंतांचं रिकामपण आहे, आणि आपल्यासारख्या नोकरदार माणसांनी त्याच्या नादी लागू नये. वर आणखी एक वाक्य असतं, ते जरा हळू आवाजात म्हटलं जातं : समुद्र हा काही आपला प्रांत नव्हे.

यातलं एकेक वाक्य चुकीचं आहे. पैशाचं सोडलं तर मी त्यातलं काहीही मान्य करायला तयार नाही.

चार देशांपासून सुरुवात करते, कारण मीही ते करून आले आहे. दहा दिवसांत सहा देश अशी एक सहल आम्ही काही वर्षांपूर्वी केली. पहाटे पाचला उठायचं, सुटकेस दारात ठेवायची, बसमध्ये चढायचं. उतरा, चाळीस मिनिटं, फोटो काढा, चढा. सहा देशांतलं आज मला लख्ख काय आठवतं? स्वित्झर्लंडमध्ये बस बिघडली आणि आम्ही दोन तास एका आडगावाच्या चौकात अडकलो, ते. एक आजीबाई खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मग चर्चची घंटा वाजली, शाळा सुटली, पोरं आमच्याकडे बघत घरी गेली. टूर मॅनेजर हैराण होऊन सगळ्यांची माफी मागत होता. माझ्यापुरतं बोलायचं तर त्या दहा दिवसांतले खरे प्रवासाचे दोन तास तेवढेच होते. बाकीचे दिवस हजेरी लावण्यात गेले. जो माणूस चाळीस मिनिटांत एक शहर ‘करतो’, त्याने सात दिवस एका द्वीपसमूहात घालवणाऱ्याला ‘बघितलं काय’ म्हणून विचारावं?

आता त्या फेरीच्या तासाचं. माहे ते प्रालँ बेट हे अंतर साधारण ४५ किलोमीटर. फेरी तासात पोचवते हे खरं आहे. आम्हाला साडेचार तास लागले. मला विचाराल तर ते साडेचार तास हाच त्या सात दिवसांचा गाभा होता, आणि नेमके तेच हे लोक वजा करायला निघाले आहेत.

धक्क्यापासून दूर आल्यावर कप्तानाने बोटीचं तोंड वाऱ्याकडे केलं. शीड वर चढवताना असं करावं लागतं, नाहीतर ते अर्ध्यावरच वारा धरतं आणि हलेनासं होतं. माझे दीर आणि नणंदेचे यजमान दोर ओढत होते. शीड डोलकाठीवर वर सरकताना असं फडफडत होतं की बोलणं ऐकू येईना. मग बोट हळूहळू वळली, फडफड थांबली, शीड ताठ झालं. कप्तानाने इंजिन बंद केलं. त्या क्षणी जी शांतता झाली, ती मी आजवर कुठल्याही वाहनात अनुभवली नव्हती. पाण्याचा आवाज होता, दोरांचा करकर आवाज होता, आणि तेरा-चौदा टनांची एक वस्तू कशाच्याही घरघरीशिवाय पुढे चालली होती.

पाऊण तासाने सुकाणूचं चाक माझ्या हातात आलं. मी होकायंत्राकडे बघायला लागले तर कप्तान म्हणाला, तिकडे बघू नका, समोर एखादी खूण धरा. समोर प्रालँ म्हणजे क्षितिजावरचा निळसर डाग होता. त्यातली एक खाच मी धरली. वारा उजव्या कुशीवर होता, आग्नेयेकडून येणारा, एकसारखा. लाट उजवीकडून येई, बोटीचा एक भाग उचलला जाई, मग दुसरा, आणि चाक हातात किंचित ओढ घेई. लाट पोचायच्या आधीच चाक थोडं फिरवायचं असतं, हे कोणी सांगून कळत नाही, तळहाताला कळतं. डागाचे दोन डोंगर झाले, डोंगरांवर हिरवा रंग आला, मग तो रंग फुटून त्याची झाडं झाली. मधूनच पाण्यातून उडत्या माशांचा थवा निघे आणि लाटेला समांतर जाऊन पुन्हा आत शिरे. फेरीच्या वातानुकूलित खोलीत, काचेआड, टीव्हीसमोर बसून यातलं काय दिसतं?

मी सत्तावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून आग्नेय व्यापारी वाऱ्यांचे बाण किती वेळा काढले असतील! जून ते सप्टेंबर हे वारे दक्षिण गोलार्धातून येतात, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून आपल्याकडे पोचतात. मुलं हे पाठ करत आणि चार गुण मिळवत. मीही पाठच केलं होतं. सेशेल्स विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर आहे. त्या दिवशी ज्या वाऱ्याने माझं शीड फुगवलं होतं, तो पुढे तोच रस्ता धरणार होता. संध्याकाळी नांगर टाकल्यावर फोनला रेंज आली. चिपळूणहून बहिणीचा फोन. तीन दिवस पाऊस थांबलेला नाही, वाशिष्ठीचं पाणी चढतंय, कपडे वाळत नाहीत. मी तिला म्हटलं, तुझ्याकडे जो येतोय त्याच्याबरोबर मी आज साडेचार तास होते. तिला वाटलं, मला बोट लागली असावी. पण मला त्या दिवशी माझाच विषय पहिल्यांदा कळला होता. या लाभाची नोंद कुठल्या ‘साइट-सीइंग’च्या यादीत करायची?

‘समुद्र सगळीकडे सारखाच’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त झोंबतं, कारण त्यात आळसाचा हेका आहे. न बघताच ‘सगळं सारखं’ म्हणायचं, म्हणजे बघायचे कष्ट वाचतात. महासागरात मधोमध असलेली बेटं बहुतेक ज्वालामुखीची किंवा प्रवाळाची असतात. सेशेल्सची आतली बेटं ग्रॅनाइटची आहेत, म्हणजे ती एका खंडाचा तुकडा आहेत. हा दगड सुमारे ७५ कोटी वर्षांचा. हा तुकडा भारताला चिकटलेला होता, आणि साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास, तो सुटला. ज्या घडामोडीत सह्याद्रीचा काळा पाषाण तयार झाला, त्याच घडामोडीत हा तुकडा आपल्यापासून तुटून तिथे राहिला. ला दिग बेटाच्या किनाऱ्यावर ते गुलाबी-राखाडी धोंडे आहेत, पावसाने उभ्या पन्हळी पाडलेले, हत्तीच्या पाठीएवढे. मी एकाला हात लावून बराच वेळ उभी होते. अलिबागला हे दिसतं?

आणखी एक गोष्ट. आमच्या आजीच्या औषधाच्या डब्यात दर्याच्या नारळाचा एक तुकडा असे. कोणाला ओकारी थांबेना झाली की ती तो सहाणेवर उगाळून चाटवी. ‘दर्याचा’ का, असं विचारलं तर म्हणे, तो समुद्रातच होतो. आजी एकटीच चुकत नव्हती, ती शतकानुशतकांची समजूत सांगत होती. हे जोडनारळ वाहत वाहत मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्याला लागत, आणि ते कुठून येतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १७६८ साली फ्रेंचांना प्रालँवर त्याची झाडं सापडली तेव्हा कोडं सुटलं. आपोआप वाढलेली ही झाडं जगात दोनच बेटांवर आहेत, प्रालँ आणि शेजारचं क्यूरियूज. वनस्पतिसृष्टीतलं हे सगळ्यांत मोठं बी. फळ तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात. ताजं फळ इतकं जड की पाण्यात बुडतं, तरंगतं ते आतून सडून पोकळ झालेलं. म्हणजे आजीच्या डब्यातला तुकडा कदाचित अशाच एखाद्या मेलेल्या फळाचा, हजारो किलोमीटर वाहत आलेला. प्रालँवरच्या व्हॅले द मेच्या जंगलात त्या ताडांखाली उभं राहून वर बघितलं, वाऱ्याने पानं एकमेकांवर आपटून पत्र्यासारखी वाजत होती, आणि मला आजीची सहाण आठवली. आम्हीही तिथे समुद्रावरूनच पोचलो होतो.

कुझँ बेटाबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तीस हेक्टरांहून लहान बेट. एके काळी तिथे सगळी नारळाची लागवड होती. सेशेल्स वॉर्बलर नावाचा एक छोटा, मातकट पक्षी १९६० च्या दशकात जगात फक्त त्या बेटावर उरला होता, तोही तिसाच्या आत. १९६८ मध्ये पक्षिसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते बेटच विकत घेतलं, नारळ हटवून मूळची झाडं परत वाढू दिली. आज ते पक्षी काही हजार आहेत, आणखी काही बेटांवर नेऊन सोडलेले आहेत. त्या बेटावर कोणाचीही बोट लागू देत नाहीत. एक उंदीर उतरला तरी सगळं संपेल म्हणून. आम्ही लांब थांबलो, रखवालदारांची होडी आम्हाला न्यायला आली. जुलैत तिथे लाटा फुटत असतात. त्या माणसाने होडी थांबवली, मागे वळून दोन-तीन लाटा जाऊ दिल्या, ‘घट्ट धरा’ म्हणाला आणि पूर्ण वेगाने होडी सरळ वाळूवर चढवली. उतरून वीस पावलं गेलो तर माझ्या खांद्याच्या उंचीवर एका आडव्या फांदीवर अंडं. घरटं नाही, काडी नाही. पांढरी कुररी उघड्या फांदीवरच्या नुसत्या खळग्यात अंडं घालते. पक्षी शेजारी बसला होता, आमच्याकडे बघत होता, उडाला नाही. माझ्या पुतणीने श्वास रोखून धरला होता. सातवीतलं पोर, घरी ज्याच्या हातातला मोबाइल जेवतानाही सुटत नाही, ते आपणहून दोन पावलं मागे सरलं. ‘मुलं बोटीवर कंटाळतील’ असं मला बजावणाऱ्या सगळ्यांनी ते बघायला हवं होतं.

बसून राहण्याचा आरोप उरतो. त्यासाठी मी फक्त टीकाकारांना दोष देणार नाही. या सुट्ट्या विकणारे तितकेच जबाबदार आहेत. त्यांच्या फोटोत एक जोडपं पुढच्या जाळीवर पडलेलं असतं, हातात पेला, आणि खाली लिहिलेलं असतं की काहीही करू नका. मी ज्या एजंटाकडे पहिल्यांदा चौकशी केली, त्याने तर सरळ सांगितलं, ‘मॅडम, त्यात बघण्यासारखं काही नसतं, हनिमूनवाले घेतात.’ विकणारा म्हणतो काही करायचं नसतं म्हणून या, नाक मुरडणारा म्हणतो काही करायचं नसतं म्हणून जाऊ नका. दोघांचा समज एकच आहे आणि दोघंही शिडाच्या बोटीवर एक दिवस राहिलेले नाहीत.

तिथे काम असतं, आणि ते मनापासून करावं लागतं. रात्री बोट चालवायची परवानगी नसते, म्हणून उन्हं कलायच्या आत नांगर पडायला हवा. नांगर प्रवाळावर टाकायचा नाही, वाळूवर टाकायचा. एका साखळीच्या फरफटीने वर्षानुवर्षांची वाढ मोडते, आणि तिथलं प्रवाळ आधीच १९९८ मध्ये पाणी तापून मोठ्या प्रमाणात मेलेलं आहे. बोये असतात तिथे बोयालाच बांधायचं. नसतील तिथे एकाने नाळेवर उभं राहून पाण्याचा रंग वाचायचा. काळसर दिसतं ते प्रवाळ नाहीतर गवत, फिकट हिरवं दिसतं ती वाळू. हे काम तिसऱ्या दिवसापासून माझ्याकडे होतं. मी हाताने दिशा दाखवायची, कप्तान तसा बोट सरकवायचा. मग साखळी खडखडत खाली जायची, इंजिन उलटं चालवून नांगर रुतला का ते बघायचं, आणि किनाऱ्यावरचा एक माड आणि त्यामागचा एक धोंडा एका रेषेत धरून ठेवायचा. ती रेष मोडली तर समजायचं, बोट सरकते आहे. आन्स लाझिओच्या खाडीत रात्री दोन वाजता वाऱ्याच्या झोताने जाग आली. मी वर गेले. कप्तान आधीच येऊन उभा होता. चांदण्यात माड आणि धोंडा शोधले. एका रेषेत होते. तो काही न बोलता झोपायला गेला, मी पहाटेपर्यंत तिथेच बसले.

गोडं पाणी टाकीतलं, मोजकं. समुद्रात आंघोळ करायची आणि शेवटी अंगावर दोन तांबे ओतायचे. दिवे गरजेपुरते. स्वयंपाक आळीपाळीने. आमटी-भात, तिथला बाजारातला ताजा मासा, आणि नीरफणसाचे काप. हो, तोच नीरफणस, कोकणातला. बिलिंबीही तिथे आहे. पहिल्या दिवशी ह्यांना बोट लागली, चांगलीच लागली. कप्तानाने त्यांना आत झोपू दिलं नाही, बाहेर आणून क्षितिजाकडे बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच सुकाणूवर होते. वयाची पासष्टी जवळ आलेला, रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस. याला बसून राहणं म्हणायचं असेल तर टूरच्या बसमध्ये दिवसाचे सहा तास आपण काय करतो?

पैशाबद्दल थोडंच बोलते. हे स्वस्त नाही. पण आठ जणांत बोट वाटून घेतली, जेवण स्वतः रांधलं, विमान मुंबईहून थेट होतं, आणि माणशी हिशोब केला तेव्हा तो आमच्या त्या सहा देशांच्या सहलीच्या वर गेला नाही. त्या सहलीला कोणी श्रीमंतांचं रिकामपण म्हटलं नव्हतं. उलट लोक घरी फोटो बघायला आले होते.

म्हणजे राग पैशाचा नाहीच. राग आहे तो समुद्राबद्दलच्या त्या हळू आवाजातल्या वाक्यात. समुद्र आपला प्रांत नव्हे. कोणाचा नव्हे? कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तांडेल आणि खलाशी आहेत, ज्यांना वारा आणि उधाण श्वासासारखं कळतं. कान्होजी आंग्र्यांचं आरमार याच पाण्यात होतं. पण पोटासाठी समुद्रावर जाणाऱ्याकडे आमच्या पांढरपेशा घरांनी कायम वरून खाली बघितलं. आणि आता हौसेने समुद्रावर जाणाऱ्याला हीच घरं माजलेला म्हणतात. कोळ्याचा समुद्र हलका, शिडाच्या बोटीचा समुद्र उधळेपणाचा. मग आमच्यासाठी उरला तो कुठला? चौपाटीवर पाण्याकडे पाठ करून भेळ खाण्यापुरता?

सेशेल्सला सेंट ॲन बेटावर १७७० साली जी पहिली वसाहत झाली, तिच्यात काही भारतीय माणसंही होती. व्हिक्टोरिया शहरात भर वस्तीत आज तमिळ मंडळींनी बांधलेलं विनायकाचं देऊळ आहे. आम्ही शेवटच्या दिवशी तिथे गेलो. मुंबईहून तिथे पोचायला विमानाला दिल्ली-कोचीपेक्षा फार जास्त वेळ लागत नाही. परका प्रांत, आपला प्रांत, या गोष्टी नकाशावर नसतात. मी नकाशे शिकवलेत, मला ठाऊक आहे.

तेव्हा ‘बघितलं काय’ याचं उत्तर मी पुन्हा एकदा सगळ्यांना देते. जो वारा आयुष्यभर फळ्यावर बाणाने दाखवला तो बघितला. आपल्यापासून तुटलेला दगड बघितला. तिसाच्या आत उरलेला पक्षी हजारांत गेलेला बघितला. बेट डागापासून झाडापर्यंत कसं जवळ येतं ते बघितलं, आणि त्याला साडेचार तास लागतात म्हणूनच ते दिसलं. मुंजीच्या पंगतीत ज्या भाऊजींनी सगळ्यांत मोठ्याने तो प्रश्न विचारला, त्यांना मी तिथेच सांगितलं आहे : पुढच्या जुलैत आम्ही पुन्हा जातो आहोत. एक केबिन रिकामी आहे. त्यांच्या नावावर माहे ते प्रालँ हे साडेचार तास सुकाणूवर उभं राहायचं काम लिहून ठेवलंय.